खुब्यातलं लोखंड

माझ्या मुलाला, विलियामीला, एक वाईट खोड आहे. जिथं गप्प बसायचं तिथं तो तासभर बोलतो, आणि जिथं एक शब्द टाकायचा तिथं त्याची दातखिळी बसते. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर पाळकाला धरून टोमॅटोच्या भावापासून रग्बीपर्यंत सगळं ऐकवेल. त्या दिवशी विमानतळावर मात्र त्याच्याकडून एकच शब्द हवा होता, आणि तो निघाला नाही. तेवढ्यापायी माझ्या पुतणीला सख्ख्या भावाचं तोंड शेवटचं बघायला मिळालं नाही.

घरातलं घरातच राहू दे, असं मला चार जणांनी सांगितलं. राहू दिलंही असतं. पण इथं ऑस्ट्रेलियात येऊन राहिलेल्या आपल्या टोंगाच्या माणसांत कितीतरी घरी अशी एखादी बाई आहे, गुडघ्यात नाहीतर खुब्यात लोखंड घेऊन फिरणारी. आणि तिच्याशेजारी माझ्या मुलासारखा एखादा घुम्या उभा असतोच. म्हणून लिहिते. शाळा मी फार पाहिली नाही, तेव्हा लिहिण्यातल्या चुका पोटात घाला. सांगण्यात चूक नाही.

लाविनिया माझ्या दिराची मुलगी. साठी उलटलेली, नवरा गेलेला, माझ्याच घराच्या मागच्या खोलीत राहते. सगळा जन्म शेडमध्ये टोमॅटो निवडण्यात गेला. इंग्रजी तिला कामापुरतं येतं, म्हणजे हो, नाही, आणि उद्या किती वाजता. मागच्या वर्षी शेडच्या ओल्या फरशीवर घसरून पडली आणि उजवा खुबा मोडला. डॉक्टरांनी मोडका सांधा काढून त्याजागी धातूचा बसवला. तीन महिन्यांनी ती पुन्हा चालायला लागली, थोडी लंगडत. गावात सगळ्यांना ठाऊक होतं काय झालं ते. पण चर्चमध्ये प्रार्थना झाली ती "आमच्या बहिणीच्या आजारपणासाठी." खुबा हा शब्द कोणी उच्चारला नाही.

आता हे का, ते तुम्हाला मी सांगायला नको, पण तरुण पोरंही वाचतील म्हणून सांगते. आमच्यात चुलत भाऊ म्हणून वेगळा नसतो. भाऊ तो भाऊ. आणि वयात आल्यावर भावानं बहिणीपुढं जपून राहायचं. तिच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, तिच्यासमोर वावगं बोलायचं नाही, आणि तिच्या अंगाचं, दुखण्याखुपण्याचं नाव तर काढायचंच नाही. इथं आल्यावर पुष्कळ घरांनी हे गुंडाळून ठेवलं. भाऊ-बहीण एका सोफ्यावर बसून टीव्हीवर नको ते बघतात. माझ्या घरात ते चाललं नाही. विलियामी पन्नाशीला आला, दोन पोरांचा बाप झाला, पण आजही बहिणीच्या औषधांची पिशवी तिच्या हातात देत नाही. दाराशी ठेवतो, खाकरतो आणि निघून जातो. बायका म्हणायच्या, "कलोलैने, मुलगा वाढवावा तो असा." मला ऐकू कमी येतं असं दाखवून मी ते पुन्हा म्हणायला लावायची.

तर लाविनियाचा धाकटा भाऊ सेमिसी तिकडं बेटावर अचानक गेला. सकाळी कोनफळं खणायला गेला आणि शेतातच बसला तो बसलाच. फोन आला तेव्हा लाविनिया कपडे वाळत घालत होती. तिनं हातातली चादर नीट टाकली, चिमटे लावले, मग खाली बसली.

आमच्यात मयताच्या घरी आत्येपेक्षा मोठं कोणी नसतं. ती उशाशी बसते. ती म्हणेल तेव्हा पेटी झाकतात. आणि बाप गेला की पोरांचे केस कापायचे, ते तिच्याच हातानं. सेमिसीला तीन पोरं, त्यातली लोसेली थोरली, कमरेच्या खाली जातील एवढे तिचे केस. सेमिसीच्या आत्या केव्हाच गेलेल्या. बहीण एकच, ही. तिच्यासाठी त्यांनी मातीही एक दिवस पुढं ढकलली होती. त्याहून पुढं ढकलता येत नव्हतं. गरमीचे दिवस, सगळी मंडळी जमलेली, खड्डा खणून तयार. आणि आमच्याकडून बेटावर विमानं रोज उठत नाहीत. हे चुकलं की पुढचं माती झाल्यानंतरचं.

विलियामी तिच्याबरोबर जाणार होता. मी दोघांना टॅक्सीतून विमानतळावर पोचवायला गेले. लाविनियानं काळं नेसलं होतं, त्यावर कमरेला आमच्या सासूबाईंनी विणलेली बारीक पात्याची चटई, काथ्याच्या दोरानं बांधलेली. दुःखात ही चटई कमरेवरून उतरवायची ती घरात, आपल्या बायकांत. परक्यांपुढं तिची गाठ सोडणं म्हणजे भर रस्त्यात कोणी अंगावरचं ओढावं तसं.

टॅक्सीत ती एकदाच बोलली. "काकी, कात्री मोठ्या बॅगेतच घातलीय ना? हातातल्या पिशवीत चालत नाही म्हणतात."

"घातलीय," मी म्हणाले. "सासूबाईंचीच घातलीय. धार लावून."

तपासणीच्या दारापलीकडं पोचवणाऱ्यांना सोडत नाहीत. मी तिची चटई मागून नीट केली, ती लंगडत आत गेली, विलियामी चार पावलं मागून. मी घरी आले आणि बेटावर फोन केला. लोसेलीनंच उचलला. "निघाली तुझी आत्या," मी म्हणाले. "केस धू आणि मोकळे सोडून बस."

दिवस कलताना घराशी टॅक्सी थांबली. मला वाटलं शेजाऱ्यांकडं कोणी आलं. पडदा सारून बघते तर विलियामी बॅगा काढत होता, आणि लाविनिया रस्त्याच्या कडेला उभी होती, चटई कमरेला तशीच.

काय झालं ते अर्धं त्यानं सांगितलं, उरलेलं तिनं. दोघं एकमेकांकडं न बघता, माझ्याकडं बघून सांगत होते.

तपासणीच्या रांगेत गणवेशातली एक तरुण पोरगी उभी होती. तिनं लाविनियाला काहीतरी विचारलं. लाविनियाला कळलं नाही, म्हणून ती पोरगी विलियामीकडं वळली. "यांच्या शरीरात धातूचं काही बसवलेलं आहे का? गुडघा, खुबा, हृदयाचं यंत्र?"

रोज विचारतात तो प्रश्न. विलियामीला इंग्रजी चांगलं येतं, ट्रकवाल्यांशी भांडतो तो इंग्रजीतूनच. पण बहीण हातभर अंतरावर. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, "नाही. काही नाही."

लाविनिया धातू शोधणाऱ्या चौकटीतून गेली आणि चौकट कोकलली. परत या. पुन्हा जा. पुन्हा कोकलली. पोरीनं हातातली तपासायची पट्टी फिरवली, ती नेमकी उजव्या कुशीखाली ओरडली, चटईच्या बरोबर खाली. पोरीनं खुणेनं सांगितलं, हे काढा. लाविनिया हलली नाही. मागं रांग वाढत होती, कोणी घड्याळ बघत होतं, कोणी हिला बघत होतं. पोरीनं हात पुढं करून दोराची गाठ धरली. लाविनियानं तिचं मनगट धरलं.

तिनं नुसतं धरलं, पिरगळलं नाही. पण तिथं गणवेशाला हात लावला की सगळ्यांचे चेहरे बदलतात. आणखी दोघं आले.

आणि माझा मुलगा? बहिणीच्या कमरेची गाठ परक्यांच्या हातात बघून त्यानं पाठ फिरवली. भावानं अशा वेळी बघायचं नसतं. तो चालत भिंतीपाशी गेला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याच्या मनात ती अदब होती. त्या गणवेशवाल्यांना काय दिसलं? ज्यानं "काही नाही" सांगितलं, तोच वाजल्यावर सटकला.

तो लांब गेला तेव्हा कुठं लाविनियाला तोंड उघडता आलं. तिनं खुब्यावर हात आपटला आणि तिला येत होते ते शब्द सांगितले, आत, लोखंड, आत. आधी नाही म्हणायचं, मग आत लोखंड आहे म्हणायचं. त्यांनी वरच्या साहेबाला बोलावलं. दोघांना दोन खोल्यांत बसवलं. विलियामीला विचारलं, खोटं का सांगितलं? एवढा दांडगा माणूस, खुर्चीत मावत नाही, त्याच्या तोंडून हूं नाही की चूं नाही. शेवटी फोनवर दुभाषी मिळवला. आमच्यातलीच कोणी बाई होती. तिनं लाविनियाला दोन वाक्यं विचारली, साहेबाला एक सांगितलं, आणि सगळं सुटलं. तोवर विमान गेलं होतं.

ती गणवेशातली पोरगी बॅगा मिळेपर्यंत यांच्याजवळ उभी राहिली. विलियामीला म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर मी त्यांना बंद खोलीत नेलं असतं. बाईनंच तपासलं असतं, चटई न सोडता वरून हात फिरवून. आम्ही हे रोज करतो." डोळ्यांत पाणी होतं म्हणे तिच्या. असेल. त्या पोरीलाही माझं सांगणं आहे. गाठीला हात घालण्याआधी माणसाच्या तोंडाकडं बघावं. पण ती परकी. तिचा न्याय करायला मी बसले नाही.

मी स्वयंपाकघरात होते. नारळाच्या दुधातलं मांस अळूच्या पानांत बांधून ठेवलं होतं, ते तसंच गार झालं. लाविनिया खाली जमिनीवर मांडी घालून बसली. विलियामी उंबऱ्याबाहेर.

"मग तूच सांगायचंस त्या पोरीला," मी लाविनियाला म्हणाले. मुलाची बाजू घ्यायची सवय आईला मरेपर्यंत सुटत नाही.

"कसं सांगू? तो शेजारी उभा होता."

"त्यानं तुझी अदब राखली."

"राखली ना. अदब इथं आहे काकी, तुमच्या स्वयंपाकघरात. मी पण इथंच आहे. सेमिसी तिकडं आहे."

मी अळूच्या पुड्या उगाच इकडच्या तिकडं केल्या. मला गप्प करणारी माणसं थोडी आहेत.

"तुम्ही त्याला शिकवलंत, बहिणीच्या अंगाकडं बघायचं नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "चांगलं शिकवलंत. धड आहे तोवर अंग झाकून ठेवता येतं. एकदा मोडलं की ते दहा जणांच्या हातात जातं. डॉक्टरच्या, नर्सच्या, त्या पोरीच्या. सगळे हात लावतात, सगळे विचारतात. तेव्हा माझ्या बाजूनं बोलायला कोणी नको? सगळ्या परक्यांनी माझ्या खुब्याचं नाव घ्यायचं आणि घरच्या माणसानं तेवढं घ्यायचं नाही?"

उंबऱ्याबाहेर विलियामीनं मान आणखी खाली घातली.

मग मला एक सुचलं, आणि सुचलं नसतं तर बरं झालं असतं. "त्या डॉक्टरला काय झालं होतं? लोखंड घातलं तर लोखंड वाजणार, हे त्यानं सांगू नये?"

"सांगितलं होतं," बाहेरून आवाज आला.

"कोणाला?"

"मला. तिला सांग म्हणाले. विमानतळावर वाजेल, रांगेतच आधी सांगायचं, बंद खोली मागायची."

"मग?"

"सांगायचं तर त्या जागेचं नाव घ्यावं लागलं असतं, आई."

"आणि तू तिला काय सांगितलंस?"

"डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक आहे."

लाविनिया त्याच्याकडं वळली नाही. माझ्याकडंच बघत म्हणाली, "काकी, त्याला विचारा, डॉक्टर आणखी काय म्हणाले होते."

मी विचारलं. मग तो म्हणाला, "मांडी घालून बसायचं नाही. जमिनीवर बसायचं नाही. खुर्ची घ्यायची. नाहीतर सांधा निसटतो."

लाविनियानं खाली बघितलं. मांडी घातलेले स्वतःचे पाय बघितले. वर्षभर ती तशीच बसत होती. चर्चच्या सभागृहात, लग्नांत, मयतांत, माझ्या या स्वयंपाकघरात. उठताना दर वेळी ओठ दातांत धरायची. मी ते बघत होते, मला वाटायचं वय झालं.

"मला वाटलं, हे असंच दुखायचं असतं," ती म्हणाली. एवढंच. मी तिला हात दिला. खुर्चीत बसवलं. माझ्या स्वयंपाकघरात माझ्यादेखत माझ्याहून लहान कोणी खुर्चीत आणि मी खाली, असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं.

दुसऱ्या दिवशी बेटावरून कोणीतरी फोनवर माती दाखवली. मी आमचा फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. लाविनिया खुर्चीत, चटई बांधून, पोचलीच असती तिथं तशी. चित्र अडकायचं, हलायचं, पुन्हा अडकायचं. सेमिसीचा चेहरा एकदाच दिसला, तोही कोणाच्या तरी खांद्याआडून. उशाशी पलीकडच्या गावची एक लांबची नातेवाईक बसली होती. बरी बाई असेल. तिनंच कात्री घेतली. दोन्ही मुलगे पुढं होऊन बसले. लोसेली बसेना. मोकळे केस धरून उभी राहिली आणि ज्याच्या हातात फोन होता त्याच्याकडं, म्हणजे आमच्याकडं, बघून म्हणाली, "आत्या का आली नाही? सगळे म्हणतात तिला पोलिसांनी धरलं. तिच्या चटईखाली काहीतरी सापडलं म्हणतात."

लाविनियानं तोंड उघडलं आणि मिटलं. विलियामी उंबऱ्यावर बसला होता. तिथून त्याला सगळं ऐकू जात होतं. बेटावर पन्नास-साठ माणसं फोनकडं बघत होती. बाया, बाप्ये, पोरं, पाळक. त्यांच्यापुढं बहिणीनं आपल्या अंगाचं काय सांगायचं, आणि तेही भावाच्या प्रेताशी?

कोणीतरी लोसेलीला खांदे धरून खाली बसवलं. ती परकी कात्री तिच्या केसांतून गेली. दोनदा अडली. बोथट होती. सासूबाईंची धार लावलेली कात्री आमच्या ओट्याशेजारी, बॅगेत.

मला तुम्हा सगळ्यांना एवढंच सांगायचं आहे. कोणाच्या अंगात डॉक्टरांनी काही बसवलं असेल, तर त्यात चोरण्यासारखं काही नाही. ते उधार नाही, चोरीचं नाही. रांगेत उभं राहतानाच सांगा, बंद खोली मागा. आणि ज्यांच्या बरोबर अशी माणसं आहेत त्यांनी त्यांच्या वतीनं बोला, स्पष्ट, जागेचं नाव घेऊन. आपली रीत मोडा असं मी म्हणत नाही, ती मी कोणालाच मोडू देणार नाही. पण रीत माणसासाठी आहे. माणूस दारात अडकला असताना रीत आत जाऊन बसत असेल, तर तिला बाहेर ओढून आणायला हवं. मला हे कळायला उशीर झाला. किती उशीर, ते तुम्ही वाचलंत.

फोन अजून चालू होता. मी उठले, उंबऱ्याशी गेले आणि तो विलियामीच्या मांडीवर ठेवला.

"विलियामी," मी म्हणाले, "तुझ्या मुकेपणाला मी आजवर अदब म्हणत आले, आणि बायकांकडून कौतुक करून घेतलं. ते संपलं. बहिणीपुढं मान खाली घातलीस ती ठीक. त्या पोरीपुढं 'काही नाही' म्हणालास, ते खोटं. आणि डॉक्टरचं बोलणं वर्षभर गिळून बसलास, ती चोरी. तिच्या दुखण्याची चोरी. सेमिसीला आता परत आणता येत नाही. लोसेलीचे केस पुन्हा चिकटवता येत नाहीत. राहिलंय ते एवढंच, की तिकडं तुझ्या बहिणीचं नाव खराब होतंय. तर तोंड वर कर. लोसेलीला सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, तुझ्या आत्याच्या खुब्यात लोखंड आहे, आणि ते मी सांगितलं नाही म्हणून ती आली नाही. लाविनिया इथंच बसलीय, तिला ऐकू दे. खुबा. म्हण."